खडीच्या वाटेत दरवर्षी तण माजतंय? फवारा उचलण्याआधी हे तपासा

दापोली तालुक्यात आमचं घर रस्त्यापासून चाळीस फूट आत आहे. बेड्यापासून (कुंपणाच्या फाटकापासून) खळ्यापर्यंत (घरापुढच्या अंगणापर्यंत) गाडी यावी म्हणून दहा फूट रुंदीची खडी टाकून घेतली, त्याला अकरा पावसाळे झाले. त्यातले पहिले चार मी चुकीचे उपाय करण्यात घालवले. पुढे आमची वाट ताळ्यावर आली, मग सासुरवाडीची, मग सासवडला मावसभावाच्या प्लॉटवरची, आणि वाडीतल्या आणखी तिघांची. दुखणं प्रत्येक ठिकाणी तेच, कारण मात्र वेगळं निघालं. म्हणून आधी लक्षणं बघा, औषधाचं नंतर.

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय?

– पावसानंतर दहा-बारा दिवसांत सगळीकडे सारखंच कोवळं तण. दोन बोटांनी उपटलं तरी मुळासकट येतं.
– चाकांच्या दोन पट्ट्या स्वच्छ, मधला पट्टा हिरवा.
– तण फक्त कडेने, आणि ते वाटेच्या मध्याकडे हात पसरत येतंय.
– पागोळ्या पडतात तिथे, नाहीतर झाडाखाली जास्त.
– एकाच जागी झुपका, आणि तो एप्रिल-मेमध्येही हिरवागार.
– उपटलं की चार-आठ दिवसांत त्याच जागी पुन्हा टोकदार पात वर.
– खडीच दिसत नाही, पायाखाली चिखल लागतो.

एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर खालच्या क्रमानेच जा. पहिल्या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि निम्म्याहून जास्त वाटा माझ्या अनुभवात तिथेच सुधारतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. लोकांना वाटतं तण खालच्या मातीतून खडी फोडून वर येतं. खडी नवी आणि पातळ असेल तर येतंही. पण दोन-तीन वर्षं जुन्या वाटेत बहुतेक तण वरून आलेलं असतं. रस्त्याची धूळ, आंब्याफणसाचा पाला, गाडीच्या चाकाला लागून आलेली माती, हे सगळं खडीच्या फटींत बसतं, कुजतं, आणि तिथे बोटभर जाडीचा आयता वाफा तयार होतो. बी वाऱ्याने, पक्ष्यांनी, गुरांच्या शेणातून येतं. म्हणून खाली कापड घातलंय म्हणणाऱ्यांकडेही तण असतं, आणि ते कंत्राटदाराला शिव्या देत बसतात. कापडाची चूक नसते. वाट झाडलेली नसते.

१. एक रोप उपटून मूळ बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि बाकी सगळं यावर ठरतं.

सोटमूळ किंवा झुबक्यासारखं आखूड मूळ असेल, म्हणजे टाकळा, कुर्डू, घोळ, भुईआवळी, दुधी यातलं काही असेल, तर ते वर्षायू, म्हणजे एकाच वर्षाचं. बी धरायच्या आत काढलंत की त्या रोपाची गोष्ट संपली.

गाठीगाठीवर मुळं फुटलेली लांब दोरी निघाली तर ती हरळी, म्हणजेच दूर्वा. एक पेर जरी मातीत राहिलं तरी पुन्हा फुटते.

देठ बोटांत फिरवून बघा. तीन धारा लागल्या तर तो लव्हाळा. खाली हळूच उकरलंत तर काळपट गाठी सापडतील, एकीला दुसरी जोडलेल्या. वास घ्या, दिवाळीच्या उटण्याची आठवण येईल, कारण नागरमोथा म्हणतात तो हाच. याला गवत समजून उपटत बसणं हीच माझी पहिल्या चार वर्षांची कमाई. वरची पात ओढली की ती तुटते आणि गाठ जमिनीतच राहते. वर, गाठींची साखळी तुटली की आतापर्यंत झोपलेल्या गाठीही कोंब काढतात. एकाचे चार होतात ते असे.

पांढरी बारीक फुलं आणि गाजरासारखी पानं असतील तर गाजरगवत. आमच्याकडे किनाऱ्याला कमी, पण सासवडच्या प्लॉटवर पहिली दोन वर्षं हाच मुख्य शत्रू होता. याला उघड्या हाताने शिवू नका, अंगावर पुरळ उठतं. एकेक रोप हजारांनी बी टाकतं, त्यामुळे फूल दिसायच्या आत हातमोजे घालून काढायचं. ओळख पटत नसेल तर रोप मुळासकट पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

२. शेवटचं कधी झाडलंत?

हसू नका. खडी झाडायची असते हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. हिराच्या खराट्याने पाला निघतो, पण फटींतली माती हलत नाही. त्यासाठी लोखंडी दाताळं हवं. आठवड्यातून एकदा, खडी कोरडी असताना, वरचा दीड-दोन इंचाचा थर दाताळ्याने ओढून उलटापालटा करायचा. नुकतं रुजलेलं तण, ज्याला अजून पांढऱ्या दोऱ्याएवढंच मूळ आहे, ते उघडं पडतं आणि दुपारच्या उन्हात मरतं. ते वेचायचीही गरज नसते.

वेळ महत्त्वाची. मृगाचा पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत बियांची पहिली फळी उगवते. तेव्हाच उघडीप बघून एकदा दाताळं फिरवा, पुढच्या उघडिपीत पुन्हा एकदा. हे दोन फेरे चुकले तर जुलैच्या धारेत काही करता येत नाही, आणि ऑगस्टमध्ये चाकरमानी यायच्या आधी गुडघाभर जंगल कापत बसावं लागतं. आमच्या वाटेला एक माणूस चाळीस मिनिटं लागतात. मी ती रविवारी सकाळी, चहाच्या आधी देतो. चहा झाला की होत नाही, हा स्वतःचा अनुभव.

मधला पट्टा हिरवा असण्याचं कारणही इथेच आहे. चाकं दोन्ही बाजूंची खडी हलवत राहतात, मधे कोणी जात नाही. गाडी रोज चार-सहा इंच डावी-उजवी घेतलीत तरी फरक पडतो.

३. पाणी कुठून येतं ते पावसात उभं राहून बघा

छत्री घ्या आणि जोराच्या सरीत वाटेवर दहा मिनिटं थांबा. उन्हात काहीच कळत नाही. कौलांच्या पागोळ्या खडीवर पडत असतील तर तिथे खड्डा होतो, खड्ड्यात गाळ बसतो, गाळात तण. वरच्या आगरातून (नारळ-सुपारीच्या बागेतून) माती धुऊन वाटेवर येत असेल तर तुम्ही कितीही उपटा, आभाळ दर पावसाळ्यात नवा वाफा करून देणार. पागोळीखाली पन्हळ लावा किंवा तिथे चिऱ्याची एक लादी ठेवा. वरच्या बाजूला वीतभर खोल चर काढून पाणी वळवा. वाटेला आडवा उतार हवा, दहा फूट रुंदीला अडीच इंच पुरे.

४. उन्हाळ्यातही हिरवा राहणारा झुपका

यावर जरा थांबतो, कारण यात माझी दोन वर्षं गेली.

आमच्या वाटेच्या डाव्या अंगाला, परातीएवढ्या जागेत गवत कधी सुकायचंच नाही. मी उपटलं, गरम पाणी ओतलं, वर फरशी ठेवली. फरशीच्या कडेने आलं. एका मे महिन्यात आजूबाजूचा कातळ भाजत असताना तिथे बोट घातलं तर माती ओली. विहिरीवरून टाकीकडे जाणारा पाइप त्याच्या बरोबर खालून जातो. जोडणाऱ्याने एका सांध्याला सोल्युशन कमी लावलेलं, तिथून थेंब थेंब झिरपत होतं. सांधा बदलला आणि पंधरा दिवसांत गवत आपोआप पिवळं पडलं.

तपासणी सोपी आहे. टाकीचे सगळे नळ रात्री बंद करा, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी बघा. मीटर असेल तर आकडा लिहून ठेवा. पातळी उतरली तर टाकीतून घराकडे जाणारी पाइपलाइन गळतेय. पंप ते टाकी हा भाग मात्र यात सापडत नाही. त्यासाठी पंप अर्धा तास चालवून त्या जागी माती जास्त ओली होते का ते बघावं लागतं. आणि हिरवा झुपका शौचाच्या टाकीच्या आसपास असेल, वासही येत असेल, तर स्वतः उकरायला जाऊ नका. टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं तर अजिबात नाही, आतल्या वायूने माणसं जीवानिशी जातात. हे काम सांडपाण्याची टाकी करणाऱ्या माणसाचं.

५. खडीची जाडी मोजा

लोखंडी सळई किंवा जुना स्क्रूड्रायव्हर खडीत घाला, माती लागली की थांबा, सळईवर खूण करा आणि तिथपर्यंत मोजा. वाटेवर पाच-सहा ठिकाणी. तीन इंच असेल तर उत्तम. दीड इंचाच्या खाली असेल तर उजेड खालच्या मातीपर्यंत पोचतो, आणि बऱ्याच बारीक बियांना रुजायला उजेडच लागतो.

तीन इंच भरायला किती खडी लागते याचा हिशेब सोपा: चाळीस फूट गुणिले दहा फूट गुणिले पाव फूट म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. नुसता वरचा एक इंच वाढवायचा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. खडी वीस मिलिमीटरची, टोकदार, धुतलेली मागा. कच किंवा चुरी मिसळलेली स्वस्त पडते, पण ती चुरीच पुढे बियांची माती होते. नदीचे गोल गोटे दिसायला छान, पण चाकाखाली सरकतात आणि खालची माती उघडी पडते.

पण वाट आधीच मातीने भरलेली असेल तर तिच्यावर नवी खडी ओतू नका. वर्षभर छान दिसेल, मग तिच्याही फटी भरतील, आणि खालून हरळी येणार ती वेगळीच.

६. कडा

हरळी वाटेत जन्मत नाही, शेजारून चालत येते. अंगणातल्या हिरवळीतून नाहीतर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खालून. कडेने सहा इंच खोल, कुदळीच्या पात्याएवढा अरुंद चर काढा, दोऱ्या कापल्या जातात. कायमचं करायचं तर त्या चरात चिरे उभे लावा, खडीच्या दोन इंच वर येतील असे. वाटेत आधीच शिरलेली हरळी मार्च-एप्रिलमध्ये काढा, पावसाळ्यात नाही. कोरड्या दिवसांत उकरून मुळ्या खडीवरच पसरून ठेवल्या की उन्हात मरतात. पावसात उकरलीत तर प्रत्येक तुकडा नवी लागवड.

एक हातभर पट्टा मात्र मी मुद्दाम ठेवला आहे, बेड्याजवळ. गणपतीत दूर्वा मागायला अर्धी वाडी तिथेच येते. फवारणीला मी कायम नाही म्हणतो त्याचं खरं कारण हेच. ज्या कडेच्या दूर्वा देवाला जातात, ज्या कडेचा टाकळा पहिल्या पावसात भाजीला येतो, जिथे शेजारणीच्या कोंबड्या दिवसभर उकरतात आणि विहीर वीस फुटांवर आहे, तिथे तणनाशक मारून मग कोणाकोणाला सांगत फिरायचं?

७. घरगुती उपाय: काय चालतं, काय नाही

उकळतं पाणी चालतं. पण उकळतं, कोमट नाही. बंबातलं पाणी बादलीत घेऊन वाटेपर्यंत नेलंत तर ते नुसतं आंघोळीचं होतं. तोटीच्या किटलीतून, थेट रोपाच्या बुडख्यावर, सकाळच्या कोरड्या वेळी. कोवळं तण त्याच दिवशी मान टाकतं. हरळीची वरची पानं जातात, मुळं राहतात, दर पंधरवड्याला पुन्हा करावं लागतं. लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत ते पोचत नाही. पायात बूट घाला, पोरांना आत पाठवा, आणि जास्वंदीच्या मुळाशी ओतू नका.

व्हिनेगर घरचं चार-पाच टक्क्यांचं असतं. दोन-चार पानांच्या रोपांवर, कडक उन्हात परिणाम होतो. मोठ्या झाडोऱ्यावर फक्त पानं करपतात आणि आपल्याला उगीच जिंकल्यासारखं वाटतं.

मीठ नको. आपल्याकडे नारळाला मीठ घालतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण वाटेवर टाकलेलं मीठ पहिल्या सरीत वाहून विहिरीकडे, फुलझाडांकडे जातं, आणि लोखंडी गेटाच्या बुडाला गंज चढवतं. गाडीचं जळकं ऑइल ओतणारेही पाहिलेत. ते थेट पाण्यात जातं, त्यावर बोलायलाही नको.

गॅसच्या बर्नरने जाळणं शहरातल्या सिमेंटच्या अंगणात ठीक. आमच्याकडे मार्च ते मे आजूबाजूला सुकं गवत असतं, एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात ओलं तण पेटत नाही. राहिलं काय?

लव्हाळ्यासाठी एकच गोष्ट मला लागू पडली, आणि ती कंटाळवाणी आहे. दर दहा-बारा दिवसांनी, पात चार पानांची व्हायच्या आत, खुरप्याने जमिनीच्या खाली कापायची. प्रत्येक कोंब काढताना गाठ आपला साठा खर्च करते, आणि पानांना वेळ मिळाला नाही तर तो भरून निघत नाही. जून ते ऑक्टोबर, एकही फेरा न चुकवता. पहिल्या वर्षी काही फरक वाटत नाही. दुसऱ्या वर्षी झुपके विरळ झाले, तिसऱ्या वर्षी मोजण्याइतके उरले. मल्चिंग पेपर घालून बघितला होता. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं, ते कागदाला भोकं पाडून वर आलं.

८. सगळं उपसून पुन्हा करणं

हे शेवटचं, महागाचं आणि पाठीचं काम. खडी काढून जाळीवर चाळायची, माती वेगळी करायची. खालची जमीन नीट उतार देऊन, मुरूम टाकून रोलरने दाबायची. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे खडीखाली घालायचं कापड, दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या) आसपासचं, जोडावर एक फूट एकावर एक येईल असं. त्यावर चाळलेली खडी, कमी पडेल तेवढी नवी. काळं प्लॅस्टिक अंथरू नका. पाणी खाली मुरत नाही, वर तुंबतं, आणि वाट निसरडी होते.

कापडाचं मुख्य काम तण अडवणं नाही. खडी चिखलात रुतू नये आणि चिखल खडीत चढू नये, हे त्याचं काम. तण कमी होतं तो वरचा नफा. आणि यानंतरही क्रमांक दोनचं दाताळं चुकत नाही.

हे एप्रिलमध्ये करा. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात काढायला घेतलं, वळवाने गाठलं, आणि आठ दिवस गाडी रस्त्यावर उभी होती.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तण काढताना दगडाखाली हात घालू नका. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही तिथेच असतात. दाताळ्याने किंवा आकड्याने दगड उलटवा, पायात गमबूट हवेत. चावलं किंवा नांगी मारली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ रुग्णालय. साप नुसता दिसला तर सर्पमित्राला फोन करा, काठी शोधू नका.

गाजरगवत काढल्यावर अंगाला खाज, डोळे सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर पुढचं काम दुसऱ्याला द्या आणि डॉक्टरांना दाखवा. ही अॅलर्जी पुढच्या वेळी वाढते.

वाटेच्या कडेला गडग्यात किंवा घराच्या जोत्यात पिंपळ, वड, उंबर रुजला असेल तर बोटभर असतानाच काढा. मनगटाएवढा झाला असेल तर ओढू नका, दगड सुटून येतात. तिथे गवंडी हवा.

वाट दर पावसाळ्यात खचत असेल, खडी वाहून रस्त्यावर जात असेल, किंवा वाटेखालून पाणी बाहेर पडताना दिसत असेल, तर तो तणाचा प्रश्नच नाही. पाण्याचा निचरा समजणारा माणूस बोलवा, आणि त्याला भर पावसात यायला सांगा. उन्हाळ्यात येणारा प्रत्येक जण म्हणतो, काही नाही हो, अजून एक ब्रास टाकू.